घर सोडून जायचं कुठे?

मेघना नदी बंगालच्या उपसागराला मिळते तिथली जमीन-पाण्याची हद्द कोणत्याच नकाशात फार वर्षं टिकत नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रेचा गाळ घेऊन आलेली ही नदी एकीकडे किनारा खात जाते आणि दुसरीकडे नवी बेटं वर काढते. त्यांना तिथे ‘चर’ म्हणतात. चर वर आला की आधी गवत येतं, मग म्हशी येतात आणि त्यांच्यामागून भूमिहीन माणसं येतात. जमीन सुपीक, पण समुद्राच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही फूट उंच. नजर जाईल तिथवर सपाट. टेकडी नाही, उंचवटा नाही आणि १९७० साली तर बहुतेक चरांवर पक्की इमारतही नव्हती.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात भोला, मनपुरा, हातिया आणि आसपासच्या चरांवर आमन भात कापणीला आला होता. हा सगळा मुलूख तेव्हा पूर्व पाकिस्तानात होता. कापणीसाठी दूरच्या जिल्ह्यांतून हजारो मजूर येऊन उतरले होते. रमझानचे उपवास चालू होते. १२ तारखेची रात्र म्हणजे कार्तिकी पौर्णिमेच्या उंबरठ्यावरची रात्र. आपल्याकडे देवळांतल्या दीपमाळा उजळण्याचे ते दिवस.

त्याच दिवशी कोलकात्याहून कुवेतकडे निघालेलं ‘महाजगमित्र’ हे भारतीय मालवाहू जहाज उपसागरात वादळात सापडून बुडालं. जहाजावरची पन्नासही माणसं गेली. बुडण्यापूर्वी जहाजाने मदतीची हाक देताना वाऱ्याचा जोरही कळवला होता. रात्री हेच वादळ ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या वाऱ्याने मेघनेच्या मुखावर आलं. मध्यरात्रीच्या सुमारास समुद्र चढला.

सकाळपर्यंत किती माणसं गेली याचा नेमका आकडा आजही कोणापाशी नाही. कमीत कमी अंदाज सव्वादोन लाखांच्या आसपासचा आहे, तर नेहमी सांगितला जाणारा आकडा तीन ते पाच लाखांचा. भोल्यातल्या तजुमुद्दीन ठाण्याची लोकसंख्या एक लाख सदुसष्ट हजार होती. त्यांतली पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त माणसं एका रात्रीत नाहीशी झाली. नोंद असलेल्या इतिहासात एवढे बळी घेणारं दुसरं चक्रीवादळ नाही.

*

‘वादळाने माणसं मेली’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. या किनाऱ्यावर बहुतेक माणसं वाऱ्याने मरत नाहीत, पाण्याने मरतात. वादळाच्या मध्याभोवतीचा वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटत आणतो. खोल समुद्रात त्या पाण्याला खाली पसरायला जागा असते. बंगालच्या उपसागराचं टोक मात्र उथळ आहे, आणि आकार नरसाळ्यासारखा. रेटलेलं पाणी बाजूंनी आवळत जातं, तळाला जागा उरत नाही, मग ते वर चढतं. ही एखादी मोठी लाट येऊन फुटून जाण्याची गोष्ट नसते. तासन् तास समुद्राची पातळीच उंचावलेली राहते आणि त्या उंचावलेल्या समुद्रावर वाऱ्याच्या लाटा वेगळ्या उठतात.

त्यात भरतीची वेळ साधली गेली तर विचारायलाच नको. कोकणातल्या माणसाला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सांगावं लागत नाही. बंगालच्या उपसागरातल्या भीषण वादळांच्या तारखा पंचांगासमोर ठेवून पाहिल्या की अंगावर काटा येतो. मेघनेच्याच मुखाकडच्या बाकरगंज भागातलं वादळ ३१ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर १८७६ च्या रात्रीचं. पौर्णिमा १ नोव्हेंबरला. भोल्याचं १२-१३ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीचं. पौर्णिमा १३ ला. चित्तगावचं २९ एप्रिल १९९१ च्या रात्रीचं. पौर्णिमा आदल्याच रात्री. पौर्णिमा वादळ आणत नाही. पण आलेल्या वादळाला ती आणखी काही फूट पाणी पुरवते, आणि सपाट चरावर त्या काही फुटांतच जगणं-मरणं ठरतं.

बाकरगंजच्या वादळात सुमारे एक लाख माणसं पाण्यात गेली आणि जवळपास तितकीच नंतरच्या पटकीने आणि उपासमारीने. तेव्हा बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते सर रिचर्ड टेंपल. पुढच्याच वर्षीच्या दुष्काळात मजुरांच्या शिध्याला कात्री लावणारे आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले हेच ते टेंपल. वादळानंतर ते त्या भागात फिरले. जे वाचले ते बहुतेक घराभोवतीच्या झाडांमुळे वाचले, असं तेव्हाच्या नोंदी सांगतात. नारळ, पोफळी, ताड, जे हाताला लागलं ते धरून माणसं रात्रभर लटकत राहिली.

त्यानंतर चौऱ्याण्णव वर्षांनी, १९७० साली, आसरा कोणता होता? तोच. झाड.

*

हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे ते एका पाहणीमुळे. ढाक्यात तेव्हा कॉलरा रिसर्च लॅबोरेटरी नावाची संस्था होती. तिथे आल्फ्रेड सॉमर नावाचा तरुण अमेरिकी डॉक्टर नुकताच रुजू झाला होता. ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी मुलांना येणारं अंधत्व आणि मृत्यू यांवरच्या कामामुळे पुढे जगभर ज्यांचं नाव झालं, तेच हे सॉमर. वादळानंतर दोनेक आठवड्यांत ते आणि त्यांचे सहकारी वायली मोस्ली यांनी उद्ध्वस्त भागात ठिकठिकाणी उतरून घरोघर विचारपूस केली, आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन मोठी पाहणी केली. आपत्तीनंतर नुसते अंदाज न बांधता रीतसर मोजदाद करायची, ही तेव्हा नवी गोष्ट होती. १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला.

तो वाचताना मन सुन्न होतं. पाहणीच्या सगळ्या भागात मिळून दर सहा माणसांतलं एक गेलं होतं. लोकसंख्येत दहा वर्षांखालच्या मुलांचा वाटा एक तृतीयांश होता, मृतांमध्ये तो निम्म्याहून जास्त निघाला. म्हातारी माणसं जास्त गेली आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. धडधाकट पुरुष सगळ्यांत जास्त वाचले. कारण रात्रभर खोड धरून ठेवण्याची ताकद त्यांच्या दंडात होती, आणि कडेवर मूल असलेल्या बाईचा एक हात आधीच गुंतलेला होता. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटून निघाली होती. खोडाला मिठी मारून लाटांचे तडाखे सोसल्याच्या त्या खुणा. डॉक्टरांनी या जखमांना वेगळं नावच देऊन टाकलं.

कापणीला आलेल्या परगावच्या मजुरांची मोजदाद या पाहणीत होऊच शकली नाही. घरोघर विचारपूस करताना ज्यांचं तिथे घरच नव्हतं त्यांच्याबद्दल कोण सांगणार?

पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. सगळ्यांना धास्ती होती साथीच्या रोगांची, पण मोठी साथ आलीच नाही. गंभीर जखमीही थोडेच सापडले, कारण गंभीर जखमी होण्यासारखी माणसं बुडून गेली होती. मागे उरलेल्यांना हवं होतं अन्न, डोक्यावर छप्पर, बैल, नांगर, बियाणं, होड्या. मदत कशाची पाठवायची हे घटनास्थळी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही, हा धडा तिथे इतक्या स्वच्छपणे लिहून ठेवलेला असूनही अजून प्रत्येक पुरानंतर जुन्या कपड्यांचे ढीग पाठवले जातात.

*

मग वादळाची बातमी लोकांना नव्हती का?

होती. आणि या सगळ्या हकिकतीतली जीव तोडणारी गोष्ट हीच आहे. उपग्रहाने टिपलेली वादळाची चित्रं होती, कॉक्स बाजारचं रडार होतं, ढाका रेडिओवरून इशारे दिले जात होते. नंतर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की त्या भागातल्या जवळपास नव्वद टक्के लोकांना वादळ येतंय हे ठाऊक होतं. पक्क्या इमारतीत आसरा घेतला तो सुमारे एक टक्का लोकांनी.

हे आकडे पुढे ठेवून ‘लोक अडाणी होते, त्यांनी ऐकलं नाही’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ऐकून करायचं काय होतं? तीन आठवड्यांपूर्वी, २३ ऑक्टोबरला, त्याच किनाऱ्यावर एक वादळ येऊन गेलं होतं आणि त्यातून ते तरले होते. आता पीक उभं, गोठ्यात जनावरं. चरावरची जमीन कसत राहिलं तरच आपली. घर सोडून जायचं तर मैलोन् मैल सपाट रानातून अंधारात आणि पावसात, आणि जायचं कुठे? इशारा कानावर पडणं ही निम्मी गोष्ट झाली. उरलेल्या निम्म्या गोष्टीला भिंती लागतात, जिना लागतो, आणि दार वाजवून ‘चला’ म्हणणारं ओळखीचं माणूस लागतं. १९६० च्या वादळांनंतर पाकिस्तान सरकारने अमेरिकेच्या हरिकेन केंद्राचे संचालक गॉर्डन डन यांच्याकडून अहवाल करून घेतला होता. त्यांच्या सूचना पुऱ्या अमलात आल्या नाहीत.

शहाण्या माणसाचं न ऐकण्याची या उपसागराच्या काठची परंपरा आणखी जुनी. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे सागरी अधिकारी होते. वादळांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं, ‘सायक्लोन’ हा शब्दही त्यांनीच रूढ केला. इंग्रज सरकारने सुंदरबनात मातला नदीवर नवं बंदर बांधायचा घाट घातला, तेव्हा १८५३ साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिलं : वादळात इथे पाच ते पंधरा फूट पाणी चढेल, बंदर वाहून जाईल. बंदर झालंच. नाव दिलं कॅनिंग. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारले. १ नोव्हेंबर १८६७ ला वादळाने पोर्ट कॅनिंगची वाताहत केली आणि काही वर्षांत सरकारने बंदराचा नाद सोडला.

*

१९७० च्या वादळाची राजकीय किंमत पाकिस्तानने मोजली. राष्ट्राध्यक्ष याह्या खान चीनहून परतताना ढाक्यात उतरले, विमानातून पाहणी केली आणि निघून गेले. दहा दिवस उलटले तरी सरकारने मदतीसाठी लावली होती ती लष्कराचं एक मालवाहू विमान आणि पिकांवर फवारणी करणारी तीन छोटी विमानं. ७ डिसेंबरला देशात निवडणूक झाली. वादळग्रस्त मतदारसंघांतलं मतदान जानेवारीत घ्यावं लागलं. पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. बांगलादेशाच्या जन्माची कारणं फार आधीपासूनची आहेत, एका वादळावर त्याचं श्रेय लादणं बरोबर नाही. पण प्रेतं उचलायलाही राजधानीतून कोणी येत नाही, हे लोकांनी त्या तीन आठवड्यांत पाहिलं होतं.

काही माणसांची आयुष्यंही तिथे वळली. चित्तगावला शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले फजले हसन आबेद मित्रांबरोबर मनपुरा बेटावर मदतीला गेले. १९७२ मध्ये त्यांनी ‘ब्रॅक’ सुरू केली, जी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक झाली. चित्रकार झैनुल आबेदीन मनपुऱ्याला जाऊन आले आणि त्यांनी ‘मनपुरा ७०’ हे तीसेक फूट लांबीचं चित्र काढलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारा हात तोच.

पण मला सगळ्यांत मोठं वाटतं ते नव्या देशाने रेड क्रॉसच्या साथीने उभं केलेलं काम. त्याचं नाव सायक्लोन प्रिपेअर्डनेस प्रोग्रॅम, लोकांच्या तोंडी नुसतं ‘सीपीपी’. गावागावात स्वयंसेवक निवडायचे, त्याच गावातले. ढाक्याहून वायरलेसवर निरोप आला की ते हातकर्णा घेऊन, हाताने फिरवायचा भोंगा वाजवत, सायकलवर किंवा पायी वस्तीवस्तीत फिरतात. धोका वाढेल तसे बांबूवर एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे चढतात. जनावरांसह माणसांना चढून बसता यावं म्हणून मातीचे उंच चौथरे रचले, त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणू लागले. मग हळूहळू खांबांवर उभ्या केलेल्या काँक्रीटच्या निवारा-इमारती आल्या. एरवी त्यांत शाळा भरते.

एवढं करूनही १९९१ ची रात्र आली. चित्तगावच्या किनाऱ्यावर सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. निवारे होते, पण थोडे. वीस ते चव्वेचाळीस वयोगटात दर हजार पुरुषांमागे पंधरा मृत्यू, आणि दर हजार बायकांमागे एकाहत्तर. जवळजवळ पाचपट! नवरा घरी नाही, त्याला न विचारता उंबरा कसा ओलांडायचा? निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढायची, आडोसा नाही, शौचालय नाही. पाण्यात साडी पायांत गुंडाळली जाते. मुलं, म्हातारी सासू, कोंबड्या, सगळ्यांना गोळा करेपर्यंत वेळ गेलेली असते. यानंतर निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि शौचालयं करायला सुरुवात झाली, स्वयंसेवकांत बायकांची भरती वाढली. आज सीपीपीचे स्वयंसेवक पाऊण लाखाच्या पुढे आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. बाईने दार वाजवून हाक मारली तर घरातली बाई निघते. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात सुमारे ३,४०० माणसं गेली. वारा १९९१ च्या तोडीचा होता. २०२० च्या मे महिन्यात ‘अम्फान’ आलं तेव्हा करोनाच्या टाळेबंदीतही बांगलादेशाने चोवीस लाख माणसं हलवली, आणि तिथले मृत्यू तीसच्या आत राहिले.

*

आपल्या देशाने हेच शिकायला १९९९ साल उजाडू दिलं.

ओडिशात त्या वर्षी १७ ऑक्टोबरला गंजमच्या किनाऱ्यावर वादळ आलं. सरकारी यंत्रणा तिकडे गुंतलेली असतानाच २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटर. ते पुढेही सरकेना, दीड दिवसाच्या आसपास किनारपट्टीतच घोटाळत पाऊस ओतत राहिलं. टेलिफोन, रस्ते, वीज, सगळं तुटलं. जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमा तालुक्यात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला. सरकारी आकड्यानुसार राज्यात जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यांतली सुमारे आठ हजार या जगतसिंहपूर जिल्ह्यातली. साऱ्या किनाऱ्यावर रेड क्रॉसचे निवारे होते वीस-बावीस. त्यांत ज्यांना शिरता आलं ते वाचले.

एक गोष्ट पुढच्या काळात अभ्यासातून सिद्ध झाली. शेजारच्या केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा शाबूत होता, तिथे मृत्यू कमी झाले होते. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी गावागावाचे आकडे मांडून २००९ मध्ये हे दाखवलं. मुंबईत आणि रायगडात खारफुटी तोडून भराव टाकणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

वादळानंतर दोन महिन्यांत ओडिशाने राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केलं, देशातलं पहिलं. निवारे शेकड्यांनी बांधले आणि प्रत्येक निवाऱ्याची गावसमिती केली. दर वर्षी वादळाच्या हंगामाआधी तालीम सुरू झाली. परीक्षा झाली १२ ऑक्टोबर २०१३ ला. ‘फायलीन’ गोपाळपूरला धडकलं, ऐन दुर्गापूजेत. सरकारने कर्मचाऱ्यांच्या पूजेच्या रजा रद्द केल्या. हवामान खात्याने जागा आणि वेळ नेमकी सांगितली. दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. २०१९ च्या मे महिन्यात पुरीला आलेल्या ‘फनी’च्या वेळी बारा लाखांहून जास्त माणसं हलवली, ओडिशात मृत्यू ६४. ज्या राज्याला आपण गरीब म्हणून ओळखतो, त्याने हे करून दाखवलं.

उलट उदाहरणही याच उपसागरातलं. २००८ च्या मे महिन्यात म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशावर ‘नर्गिस’ आलं. भारतीय हवामान खात्याने आधीच कळवलं होतं. लष्करी राजवटीने लोकांना हलवलं नाही, नंतर परदेशी मदतही अडवून धरली, आणि आठवड्याभरात देशात राज्यघटनेवर सार्वमत घेतलं. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे एक लाख अडतीस हजार. उपग्रहांच्या युगात, फायलीनच्या अवघी पाच वर्षं आधी.

जीव वाचले म्हणजे सगळं वाचलं असं नाही, हेही सांगायला हवं. अम्फानने सुंदरबनातले बांध फोडले आणि भातखाचरांत खारं पाणी भरलं. असं पाणी शिरलेली जमीन काही हंगाम पीक देत नाही. घरातली तरणी माणसं मजुरीला परमुलखात जातात. मृतांच्या आकड्यात हे कुठेच येत नाही.

*

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. चक्रीवादळं पूर्व किनाऱ्यावरची, आपला अरबी समुद्र त्या मानाने शांत, अशी आपली समजूत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेले आकडे निराळं सांगतात. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. ती जास्त जोरदार झाली आणि जास्त दिवस टिकू लागली. समुद्र तापतो आहे.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ भर दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, भोल्याच्या वादळाच्या दोन तृतीयांश. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. रायगडात हजारो लोकांना आधी हलवलं होतं, म्हणून मनुष्यहानी थोडी झाली. पण पोफळीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’. किनाऱ्याजवळून जाणाऱ्या या वादळाचा इशारा सगळ्यांना मिळाला होता. तरी मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच थांबला, नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. नौदलाने भर वादळात १८० हून जास्त जणांना पाण्यातून काढलं. सत्तरहून जास्त माणसं गेली. भोल्यासारखंच इथेही : इशारा पोचला, माणसं हलली नाहीत.

कोकणातल्या खाडीकाठच्या गावाने ग्रामसभेत विचारावेत असे प्रश्न सोपे आहेत. रात्री दोन वाजता गाव हलवायचं झालं तर कोणत्या इमारतीत? तिच्यावर स्लॅब आहे की पत्रा? चावी कोणाकडे? अंथरुणाला खिळलेली माणसं किती आणि त्यांना उचलून कोण नेणार? गुरं कुठे बांधायची? बायकांसाठी शौचालय आहे का? वाडीवाडीत दार वाजवायला कोण जाणार आणि त्याला ओळखतं कोण? राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता, निवाऱ्यांची तरतूद होती. आपल्या तालुक्यात तो निवारा कुठे उभा राहिला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक किनारी गावाला आहे.

अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये. दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर, पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात गेलेल्या असतात तेव्हा. ‘फयान’ वादळ कोकण किनाऱ्यावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक नौका तेव्हा समुद्रात होत्या आणि त्यांतले अनेक खलाशी घरी आले नाहीत. आपल्याकडे दिवाळी असते तेव्हा हाच दुसरा हंगाम चालू असतो.